जुना ट्रक, जोडलेला ट्रेलर आणि स्वयंचलित गिअरबॉक्स

वाहनास जादा ओझे जोडले की इंजिन थकते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. घाट चढताना धापा टाकणारे इंजिन कानांना ऐकू येते, रेडिएटरमधून निघणारी वाफ डोळ्यांना दिसते. त्यामुळे दोष आणि दया ही दोन्ही इंजिनाच्याच वाट्याला येतात. परंतु ज्या वाहनात गिअर आपोआप बदलतात, त्या वाहनाचे वय झाले असेल आणि त्याच्या मागे ट्रेलर जोडावयाचा असेल, तर पहिला बळी बहुधा इंजिनाचा जात नाही. तो जातो इंजिनाच्या मागे, गाडीच्या पोटाखाली लपलेल्या गिअरबॉक्सचा. आणि हा बिचारा शेवटची घटका येईपर्यंत फारशी कुरकूरही करीत नाही.

शालेय वार्षिकात हा विषय कसा, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेतील कोलोराडो राज्यात नोकरीनिमित्त स्थायिक झाला आहे. त्याने तेथे १९८९ सालचा एक जुना शेवरोलेट ट्रक विकत घेतला. तिकडे 'ट्रक' या शब्दाने आपल्या खाणींवरील अवजड टिप्परच समजावयाचे असे नाही. पुढे चालकाची खोली व मागे उघडा हौदा असलेली, घरगुती वापराची पिकअप गाडीही तेथे ट्रकच. या ट्रकाला राहुटीवजा ट्रेलर जोडून पत्नी व दोन मुलांसह पर्वतापलीकडे जावयाचा त्याचा बेत होता. ट्रेलरचे भरलेले वजन सुमारे १८०० किलो. ट्रकाचे वय पस्तीस वर्षांहून अधिक. बेत करण्यापूर्वी त्याने जी चौकशी आरंभिली, तिचा वृत्तान्त पत्रांतून आमच्याकडे येत राहिला. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. दंतचक्रे हा आमचा विषय नव्हे. पण ती पत्रे, त्याने पाठविलेली दुरुस्तीची पुस्तिका आणि शाळेतील विज्ञानशिक्षकांना वेळोवेळी दिलेला त्रास यांतून जे हाती लागले, ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावेसे वाटले. कारण आठवी-नववीच्या पुस्तकांतील कितीतरी नियम या एका लोखंडी पेटीत कामाला लागलेले आढळतात.

आपल्याकडे मालवाहू ट्रक बहुतेक हातगिअरचे. अनमोडच्या किंवा चोर्ल्याच्या घाटात चालक क्लच दाबतो, दांडा ओढतो, खालचा गिअर टाकतो, हे आपण पाहिलेले आहे. तेथे इंजिन आणि चाके यांचा सांधा घट्ट असतो. लोखंडाचे दाते लोखंडाच्या दात्यांत अडकलेले असतात. स्वयंचलित गिअरबॉक्सात इंजिनाची शक्ती प्रथम तेलातून जाते. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवावेत व एकच चालू करावा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात ठेवा, म्हणजे ही रचना ध्यानात येईल. या दोहोंच्या मध्ये तेलाचा प्रवाह वळवून परत पाठविणारा तिसरा पंखा बसविला की त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. मूळ कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याची, १९०५ सालची. आणि ती मोटारीसाठी नव्हे तर आगबोटींसाठी होती. वेगाने फिरणाऱ्या वाफेच्या टर्बाइनपासून संथ फिरणाऱ्या पंख्यापर्यंत शक्ती कशी न्यावी, हा त्याच्यापुढील प्रश्न होता.

मोटारींत स्वयंचलित गिअरबॉक्सचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला तो जनरल मोटर्सच्या 'हायड्रा-मॅटिक'मुळे. तो १९३९ साली, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी, बाजारात आला. दुसऱ्या महायुद्धात हाच गिअरबॉक्स अमेरिकन हलक्या रणगाड्यांतही बसविला गेला. तेव्हा स्वयंचलित गिअर म्हणजे केवळ शहरी चैनीची वस्तू, ओझ्याला निरुपयोगी, असे जे कोणी म्हणतात, त्यांनी इतिहास पाहावा. दोष यंत्राच्या जातीत नाही. त्याच्याकडून काम घेण्याच्या रीतीत असेल तर असेल.

आमच्या विद्यार्थ्याच्या ट्रकात ७००-आर-४ नावाचा गिअरबॉक्स आहे. हा १९८२ पासून वापरात आला, १९९० मध्ये याचे नाव ४एल६० झाले आणि पुढे १९९३ पासून विजेच्या यंत्रणेने चालणारी याची आवृत्ती निघाली. यात पुढे जाण्याचे चार गिअर. पहिल्यात इंजिन ३.०६ फेरे फिरते तेव्हा मागील दांडा एक फेरा फिरतो. दुसऱ्यात हे प्रमाण १.६३, तिसऱ्यात बरोबर १ आणि चौथ्यात ०.७०. म्हणजे चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे सात फेरे झाले की दांड्याचे दहा होतात. याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीचे पेट्रोल वाचावे, हा याचा हेतू. गाडी जागची हलताना टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाची पीळशक्ती सुमारे दुप्पट करतो. दोन गुणिले ३.०६ म्हणजे सहाच्या वर. मागील डिफरन्शियलचे प्रमाण ३.४२ असेल तर गुणाकार जवळजवळ २१ येतो. विद्यार्थ्यांनी हा गुणाकार स्वतः करून पाहावा. थांबलेला ट्रक ट्रेलरसह हलतो तो या एकवीसपटीच्या बळावर.

आता गिअर बदलतात ते कसे? आत सूर्यमालेसारखी योजना असते: मध्यभागी सूर्यचक्र, भोवती ग्रहचक्रे, आणि सर्वांना वेढणारे वलयचक्र. यांपैकी कोणते चक्र अडवावयाचे व कोणते फिरू द्यावयाचे यावर गिअर ठरतो. अडविण्याचे व जोडण्याचे काम क्लचच्या चकत्या आणि एक पोलादी पट्टा करतात, आणि त्यांना आवळण्याचे काम तेलाचा दाब. बंद जागेतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम येथे दर मिनिटास कामी येत असतो. म्हणजे एकच लाल तेल शक्ती वाहून नेते, चकत्या आवळते, दात्यांना वंगण देते आणि आतील उष्णता बाहेर काढते. एका नोकरावर चार कामे सोपविलेली आहेत. तो आजारी पडला की सारे घरच बंद.

हे तेल कशाने आजारी पडते, ते समजण्यासाठी विहिरीचे उदाहरण घेऊ. भरलेली कळशी, जिला आमच्या घरच्या कोंकणीत कळसो म्हणतात, ती दोराने वर ओढताना मूठ घट्ट असेल तर हाताला श्रम होतात, पण इजा होत नाही. मूठ सैल पडून दोर सरकला की क्षणात तळवे पोळतात. कळशी जितकी जड, तितके पोळणे अधिक. स्वयंचलित गिअरबॉक्सची सारी कथा या दोराच्या सरकण्यात आहे. कन्व्हर्टरमधील दोन पंख्यांच्या वेगात फरक असतो तोवर तेल घुसळले जाते व तापते. क्लचच्या चकत्यांवरील दाब कमी पडला की त्या एकमेकींवर घसरतात व तापतात. रिकाम्या गाडीत हे सरकणे थोडे असते. मागे १८०० किलो जोडून चढावर गेलो की तेच दसपट जाणवू लागते. समजा, चढावर इंजिनातून ५० किलोवॅट शक्ती निघत आहे व कन्व्हर्टरमध्ये तिचा दहावा हिस्सा वाया जात आहे. वाया गेलेली शक्ती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. पाच किलोवॅट म्हणजे एक हजार वॅटच्या पाच इस्त्र्या एकदम चालू करून तेलात बुडविल्यासारखे झाले. चढ अर्ध्या तासाचा असेल तर त्या अर्धा तास बुडालेल्या आहेत.

जुन्या कारागिरांचा एक ठोकताळा आहे. तेल १७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ८० अंश सेल्सियस, इतके उष्ण राहिले तर ते एक लाख मैल टिकते. त्यापुढे दर २० अंश फॅरनहाइटला आयुष्य निम्मे होते. १९५ अंशांना पन्नास हजार, २१५ ला पंचवीस, २३५ ला साडेबारा. हा प्रयोगशाळेतील नियम नव्हे, पण दिशा अचूक दाखवितो. तापलेल्या तेलाचा हवेशी संयोग होतो, ते काळवंडते, झडपांवर त्याचा चिकट लेप बसतो, रबरी सील कडक होतात, सील कडक झाले की दाब गळतो, दाब गळला की चकत्या घसरतात, आणि घसरल्या की तेल आणखी तापते. एकदा हे चक्र सुरू झाले की ते आपल्या आपण थांबत नाही.

या तेलाविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकू, कारण ती आम्हांला विलक्षण वाटली. चकत्यांनी हिसका न देता मऊपणाने धरावे यासाठी पूर्वी या तेलात स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचे तेल मिसळीत असत. अमेरिकेने १९७० मध्ये या प्राण्याची नोंद नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांत केली; मग तेलवाल्यांना रसायनशाळेतून पर्याय शोधावा लागला. जनरल मोटर्सच्या या तेलाला डेक्सरॉन हे नाव आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या ट्रकासाठी कारखान्याने मुळात डेक्सरॉन-दोन सांगितले होते. २००५ मध्ये आलेले डेक्सरॉन-सहा त्या जुन्या तेलांच्या जागी चालते. महासागरातील महाकाय जीव आणि डेन्व्हर शहरातील एक गिअरबॉक्स यांचा असा संबंध असेल, हे आम्हांला तरी स्वप्नातही सुचले नसते.

ट्रेलर जोडण्यापूर्वी पहिले काम म्हणजे तेलाची परीक्षा. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन व गिअरबॉक्स चांगले तापू द्यावेत, ब्रेक दाबून दांडा सर्व स्थानांतून एकदा फिरवून पार्कमध्ये आणावा आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक ओढावी. इंजिनाच्या तेलाची पातळी इंजिन बंद ठेवून पाहतात, येथे उलट. ही अदलाबदल पुष्कळांकडून होते. पांढऱ्या कागदावर थेंब टाकावा. तेल पारदर्शक लाल असेल तर उत्तम. तांबूस-तपकिरी असेल तर जुने. काळे असून जळल्याचा वास येत असेल तर आतील चकत्या जळलेल्या आहेत. आणि गुलाबी, दुधाळ दिसत असेल तर रेडिएटरमधील पाणी तेलात शिरले आहे. हे शेवटचे सर्वांत वाईट. पाण्याने चकत्यांवरील अस्तराचा गोंद सुटतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या ट्रकातील तेल तपकिरी निघाले, पण जळका वास नव्हता. मग त्याने खालचा चेंबर उतरविला. चेंबरमध्ये एक लोहचुंबक असतो. त्यावर करड्या रंगाची बारीक माती बसलेली होती. हे वयोमानाने होणारच. हाताला टोचतील असे धातूचे तुकडे किंवा चकत्यांच्या अस्तराचे काळे खवले सापडले असते, तर ट्रेलरचा विचार तेथेच सोडावा लागला असता. चेंबर उतरविल्यावर सुमारे पाच लिटरच तेल निघते. एकूण तेल अकरा लिटरांच्या घरात असते आणि उरलेले कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून त्याने फिल्टर व गॅस्केट नवे घातले, तेल भरले, काही आठवडे रिकामी गाडी चालविली आणि तेच काम पुन्हा केले.

येथे एक वाद आहे. जुन्या गिअरबॉक्सात नवे तेल घातले की तो बिघडतो, असे सांगणारे कारागीर सर्वत्र भेटतात. आमच्या मते यात कारण आणि कार्य यांची गल्लत आहे. ज्याच्या चकत्या झिजून गेल्या आहेत असा गिअरबॉक्स तेल बदलल्यावर चार दिवसांनी बंद पडला, तर तो तेल न बदलताही बंद पडलाच असता. मालकाने तेल बदलले ते काहीतरी बिघडते आहे असे जाणवल्यामुळेच. मात्र यंत्राच्या जोराने आतील सारे तेल एकदम उपसून धुऊन काढण्याची जी पद्धत आहे, ती इतक्या जुन्या गिअरबॉक्सास आम्ही तरी सुचविणार नाही. साचलेली घाण हलून बारीक मार्गांत अडकण्याचे भय असते. चेंबर दोनदा उतरविण्यास वेळ लागतो, पण तो मार्ग शांत आहे.

तेल सुधारले, आता दाब. ७००-आर-४ मध्ये अ‍ॅक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक तार जाते. तिचे नाव टी.व्ही. केबल. दूरचित्रवाणीशी हिचा काडीचाही संबंध नाही; इंजिनाच्या हवेच्या झडपेच्या इंग्रजी नावावरून हे नाव पडले. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर जितका दाबला तितकी ही तार ओढली जाते आणि तितका गिअरबॉक्समधील तेलाचा दाब वाढतो. म्हणजे कळशी जड झाली की मूठ आपोआप घट्ट व्हावी, अशी ही योजना. तार सैल असेल तर ओझे वाढते, परंतु मूठ सैलच राहते. चकत्या घसरतात आणि विशेषतः तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच थोड्याच मैलांत जळून जातो. वाहनात काहीही बिघाड दिसत नाही. गिअर लवकर-लवकर व अगदी मऊपणे बदलत असतात, इतकेच. चालकाला तो गुण वाटतो. ट्रकाच्या या सर्व तयारीत आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटली ती ही वीतभर तार, आणि तिला खर्च शून्य.

ती बसविण्याची रीत अशी. इंजिन बंद असताना केबलच्या टोकाजवळील लहान खटका दाबून सरकणारा भाग पूर्ण मागे, म्हणजे इंजिनावरील झडपेपासून दूर, ढकलावा आणि खटका सोडावा. मग झडपेचा पंखा हाताने पूर्ण उघडावा. टक्-टक् असा आवाज होत सरकता भाग आपल्या जागी येऊन बसतो. आमच्या विद्यार्थ्याच्या ट्रकात हा भाग कोणीतरी पूर्वी चुकीच्या जागी ठेवलेला आढळला. तो नीट बसविल्यावर गिअर थोडे उशिरा आणि अधिक ठामपणे पडू लागले. इंजिनावर मूळची नसलेली दुसरी कार्ब्युरेटर-पट्टी बसविली असेल, तर तार ओढण्याचे मापच बदलते. तेथे दाबमापक लावून खात्री केल्याशिवाय ट्रेलर जोडणे म्हणजे डोळे मिटून विहिरीत उतरणे होय.

सर्वच जुन्या गिअरबॉक्सांत ही तार नसते, हेही सांगितले पाहिजे. जनरल मोटर्सच्या टर्बो-४०० मध्ये हे काम इंजिनाच्या निर्वात ओढीवर चालणारी एक डबी करते. तिच्या रबरी नळीला भेग पडली की गिअर उशिरा व धक्क्याने पडतात, आणि आतील पडदा फाटला तर इंजिन गिअरबॉक्सचे तेलच ओढून जाळू लागते व मागून पांढरा धूर निघतो. फोर्डच्या १९६६ मध्ये आलेल्या सी-६ मध्ये आतील पट्टा बाहेरच्या स्क्रूने आवळता येतो: १० फूट-पौंडांपर्यंत आवळून मग दीड फेरा सैल करावयाचा. ज्याच्याकडे जो गिअरबॉक्स असेल त्याची पुस्तिका त्याने उघडावी. शेजाऱ्याच्या पुस्तिकेवरून आपला स्क्रू आवळू नये.

मग उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था. कारखान्यातून येताना गिअरबॉक्सचे तेल दोन नळ्यांतून इंजिनाच्या रेडिएटरपर्यंत नेलेले असते. तेथील टाकीत बसविलेल्या नळीत ते थंड होते. पण रेडिएटरच्या पाण्याहून तेल अधिक थंड होऊ शकत नाही, आणि घाटात ते पाणीच तापलेले असते. म्हणून रेडिएटरच्या पुढे, वाऱ्याच्या तोंडी, तेलासाठी वेगळा कूलर बसवितात. नळ्यांवर पत्र्याच्या पाकळ्या असलेल्या साध्या कूलरपेक्षा एकावर एक चपट्या पट्ट्या रचलेला कूलर त्याच आकारात अधिक काम करतो. तेलाचा क्रम गिअरबॉक्स, रेडिएटर, नवा कूलर आणि पुन्हा गिअरबॉक्स असा ठेवणे बरे. रेडिएटरला वगळावे असे काही सुचवितात; पण कोलोराडोच्या हिवाळ्यात तेल फार थिजलेले असते आणि तेव्हा रेडिएटर त्याला थंड करीत नसून उबच देत असतो. कूलर धातूच्या पट्ट्यांनी गाडीच्या सांगाड्यास बांधावा. रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या काड्या घालून लटकावू नये, कारण हादऱ्यांनी जाळी कातरते. होज पाइप तेलासाठी व उष्णतेसाठी बनविलेलाच घ्यावा. आणि रेडिएटर स्वतःच पस्तीस वर्षांचा असेल तर तो नवा घालावा. त्याच्या पोटातील नळी फुटली की पाणी व तेल एक होतात, आणि त्या गुलाबी दुधाचा परिणाम वर सांगितलाच आहे.

बाजारात मोठ्या आकाराचे, चकचकीत चेंबरही मिळतात. त्यांत दोन-तीन लिटर तेल अधिक मावते. मोठ्या पातेल्यातील पाणी उकळावयास वेळ लागतो, तसा येथे तेल तापावयास थोडा वेळ लागतो खरा. पण चढ लांब असेल तर शेवटी ते तितकेच तापते. त्या पैशांत तापमापक घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेलाचा तापमापक नसलेला चालक ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला हात न लावता त्याला शाळेत पाठविणाऱ्या पालकासारखा आहे. काटा २२० अंश फॅरनहाइटच्या पुढे चढू लागला की वेग कमी करावा. २५० कडे जाऊ लागला की सुरक्षित जागा पाहून थांबावे. थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. दांडा न्यूट्रलमध्ये ठेवून, हातब्रेक लावून, इंजिन किंचित वेगाने चालू द्यावे, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहते.

वजनाचा हिशेब अंदाजाने करण्याची सवय सर्व देशांत सारखीच दिसते. ट्रेलर रिकामा असताना जे वजन पाटीवर लिहिलेले असते, त्यात पाणी, भांडी, अंथरुणे, सायकली यांची भर पडते. महामार्गावरील वजनकाट्यावर ट्रक आणि ट्रेलर दोन्ही चढवून पाहावे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार ट्रकाच्या मागील जोडावर पडावा; येथे १८०० किलोंमागे १८० ते २७० किलो. तो कमी पडला तर ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो, अधिक झाला तर ट्रकाची पुढची चाके हलकी होतात व सुकाणू नीट लागत नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. डिफरन्शियलचे प्रमाण ट्रकाच्या पुढील कप्प्यातील चिकटपट्टीवर सांकेतिक अक्षरांत छापलेले असते: जी-यू-४ म्हणजे ३.०८, जी-यू-६ म्हणजे ३.४२, जी-टी-४ म्हणजे ३.७३. आकडा जितका मोठा तितके ओढणे सोपे. ३.०८ निघाले असते तर हा ट्रेलर त्या ट्रकाने पर्वतावर नेऊ नये, असेच आम्ही लिहिले असते. त्याच्या नशिबाने जी-यू-६ निघाले.

आता रस्ता. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर. तेथून पश्चिमेस जाणारा महामार्ग सुमारे शंभर किलोमीटरांत आयझेनहॉवर बोगद्यापाशी ३४०० मीटरांवर पोचतो. हा बोगदा १९७३ मध्ये खुला झाला. त्यापलीकडे ७ टक्क्यांपर्यंतचा उतार, म्हणजे शंभर मीटर पुढे गेले की सात मीटर खाली. उंचीवर हवा विरळ असल्याने साध्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांस सुमारे तीन टक्के घटते. बोगद्यापाशी पोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश शक्ती गेलेली असते. आणि तीच विरळ हवा कूलरलाही कमी थंडावा देते. ओझे तेच, बळ कमी, वारा दुबळा. जुन्या गिअरबॉक्सची खरी परीक्षा ती हीच.

अशा चढावर चौथा गिअर वापरू नये. या ट्रकात दांड्याच्या खुणांत वर्तुळातील 'डी' हे चौथ्या गिअरसह चालण्याचे स्थान आणि त्याखालील साधा 'डी' हे तिसऱ्यापर्यंतच जाण्याचे. ट्रेलर जोडल्यावर घाटात साधा 'डी'च धरावा. नाहीतर गिअरबॉक्स चौथ्यात जातो, बळ पुरत नाही म्हणून तिसऱ्यात येतो, पुन्हा चौथ्यात जातो. प्रत्येक अदलाबदलीत चकत्या थोड्या घसरतात आणि तेल थोडे तापते. तिसऱ्यातही इंजिन रडू लागले तर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरण्यापेक्षा दुसऱ्या गिअरवर येऊन संथ चालावे. खालच्या गिअरमध्ये इंजिन अधिक वेगाने फिरते, कन्व्हर्टरमधील सरकणे घटते आणि तेलाला दम मिळतो. इंजिनाचा आवाज वाढतो म्हणून नवखा चालक घाबरतो. वस्तुतः तो आवाज आरोग्याचा असतो.

उतारावर तर याहून मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. ज्या गिअरमध्ये चढ चढलो त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, हा चालकांचा जुना दंडक अनमोडला खरा तसा आयझेनहॉवर बोगद्यापलीकडेही खरा. दांडा वरच्या स्थानात ठेवून केवळ ब्रेकवर उतरले तर ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक धरीत नाहीत. त्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी रस्त्याच्या कडेला खडीचे चढणीचे फाटे मुद्दाम बांधलेले आहेत. ते काही शोभेसाठी नव्हेत. दांडा आधीच खाली घेतला, गिअरबॉक्स निरोगी असला व त्यातील क्लचने चाकांचा ओढा इंजिनापर्यंत पोचविला, तर इंजिनच ब्रेकचे काम करते. घसरणारा, जळका गिअरबॉक्स मात्र चढावर केवळ खोळंबा करतो, उतारावर माणसांना उघडे पाडतो. आमच्या विद्यार्थ्याने पत्नी-मुलांना घेऊन जाण्याचा बेत सहा महिने पुढे ढकलला तो याच विचाराने, आणि आम्हांला ते अतिशय आवडले.

मधल्या काळात तो एकटाच दोनदा जवळच्या टेकड्यांवर गेला: प्रथम ट्रेलर रिकामा, मग पाण्याच्या पिंपांनी अर्धा भरलेला. प्रत्येक खेपेनंतर डिपस्टिक, नळ्यांचे सांधे, चेंबरखालील जमिनीवर तेलाचा लाल डाग आहे काय, हे पाहिले. इंजिनाच्या तेलापासून वेगळे ओळखता यावे म्हणूनच या तेलाला लाल रंग दिलेला असतो. दुसऱ्या खेपेनंतर एका सांध्याजवळ थेंब दिसला. पट्टी आवळताच तो बंद झाला. जूनमध्ये, शाळांना सुटी लागल्यावर, चौघे बोगद्यापलीकडे गेले व चार दिवसांनी परत आले. चढावर तापमापकाचा काटा दोनदा वर सरकला, दोन्ही वेळा त्याने दुसरा गिअर घेतला आणि मालमोटारींच्या रांगेत मागे राहून तासाला पन्नास किलोमीटरांच्या आतच वाट काढली. मागील मोटारवाल्यांनी कर्णे वाजविले, असेही पत्रात आहे. परत आल्यावर पांढऱ्या कागदावर टाकलेला तेलाचा थेंब त्याने पत्रासोबत पाठविला होता. टपालात तो पसरून गेला, पण रंग लालच राहिला होता. तो कागद विज्ञानाच्या वर्गातील फलकावर लावला आहे, ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी पाहावा.